बॉडी बदलण्याआधी

यजमान गेल्यावर टेंभुर्णीच्या चौकात त्यांच्या श्रद्धांजलीचा दहा फुटी फ्लेक्स लागला. जवळून पाहिलं तर चेहऱ्याचे चौकोन चौकोन झालेले. डोळा कुठे संपतो आणि भुवई कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. स्टुडिओ आमचाच, त्यामुळे लोक बोलले, "फोटोवाल्याचाच फोटो असा?" मी ऐकलं आणि घरी येऊन उरलेली कामं लिहून काढली. तेव्हा मला काही वाटत नव्हतं. कामं तेवढी दिसत होती.

सगळ्यात वरचं काम स्टुडिओचं. चालवायचा की बंद करायचा? फोटो मला काढता येत होते. लग्नात हळदीला, बायकांच्या घोळक्यात मी जायची आणि मांडव हे सांभाळायचे. पण लग्नसराई लांब होती. हातात मोठं काम एकच होतं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीला शेतकरी मेळाव्यासाठी कापसाच्या झाडाचा फ्लेक्स हवा होता, तोही दहा फुटीच. तो नीट आला तर कंपनीच्या शेतांतल्या पुढच्या सगळ्या प्लॉटचे फोटो माझ्याकडे येणार होते. नाही आला तर दुकानाला कुलूप लावून दिरांच्या घरी राहायला जायचं.

दीर म्हणाले, "वहिनी, हा कॅमेऱ्याचा डबा आता चालत न्हाई. दादाचं तोंड पाह्यलं ना चौकात? कंपनीचा कापूस बी तसाच दिसंल. नवी बॉडी घ्या."

"लेन्सचं काय?"

"लेन्स तीच बसते. औरंगाबादचा दुकानदार जुनी बॉडी ठेवून घेतो. मी बोलून राह्यलो त्याच्याशी."

"विचार करते."

"तुम्ही इचार कुठं करता? तुम्ही यादी करता."

खरं होतं. यादी केली. नवी बॉडी घेण्याच्या बाजूने चौकातला फ्लेक्स होता आणि तो पुरेसा होता. मग जुनी देऊन टाकायची तयारी सुरू केली. बॅटऱ्या, चार्जर, खोकं एका पिशवीत. पट्टा काढला. मानेच्या जागी यांच्या घामाचा डाग होता, म्हणून धुऊन दोरीवर टाकला. शेवटचं काम होतं सेटिंग मूळ जागी आणायचं, म्हणजे दुकानदाराने नावं ठेवायला नकोत.

ते केलं आणि कार्डावर किती फोटो बसतील तो आकडा धाडकन खाली आला. वाटलं, कार्ड बिघडलं. मेनू उघडून बघितला. फोटोचा आकार आता 'मोठा' होता. म्हणजे आधी तो 'लहान' होता, आणि घेतल्यापासून लहानच होता.

मग उलगडलं. लहान आकाराचा फोटो दहा फुटांपर्यंत ताणला की त्याचे चौकोनच दिसणार. अख्खं लग्न एका कार्डात बसलं पाहिजे, असा यांचा नियम होता. अंतरपाट सरकताना कार्ड भरलं तर तो फोटो पुन्हा मिळत नाही, म्हणायचे. अल्बममध्ये फोटो लहानच लावतात, त्यामुळे कधी अडलं नाही. मीही त्या मेनूत कधी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जुनाच कॅमेरा घेऊन प्लॉटवर गेले, मोठ्या आकारात झाड काढलं आणि तशीच जालन्याला फ्लेक्सवाल्याकडे पोचले. चौकातला फ्लेक्सही त्यांनीच छापला होता.

"नवा कॅमेरा घेतला का, भाभी?"

"जुनाच आहे."

"मंग भाईसाबचा चेहरा तसा कसा आल्ता?"

"लहान आकारात काढला होता."

"कुणी?"

"मीच."

नवरा-नवरी स्टेजवर यायच्या आधी हे त्यांच्या खुर्चीपाशी उभे राहायचे आणि मी फ्लॅश तपासायची. नंतर ते फोटो पुसून टाकायचो. एक राहून गेला होता, तोच चौकात लागला.

फ्लेक्सवाल्यांनी मशीन चालू केलं. कापूस हळूहळू खाली उतरत आला. बोंडातला तंतू न् तंतू सुटा दिसत होता. "अरे वा, किडा बी आला बघा," ते म्हणाले. पानावर लाल ढेकण्या बसला होता. कंपनीला तो चालला नसता. कॉम्प्युटरवर काढून टाकला आणि दुसरा छापला. कंपनीने पुढचे प्लॉट दिले.

दिरांना सांगितलं, नवी बॉडी नको. ते म्हणाले, "मंग वर्षश्राद्धाचा फ्लेक्स?"

"त्याचा काय संबंध?"

"दादाचा फोटो नव्या कॅमेऱ्यात टाकला की साफ व्हईल, असं वाटलं होतं मला."

"नाही होत. काढताना जेवढा येतो, तेवढाच राहतो."

"बिलकुल न्हाई?"

"नाही."

फ्लेक्स लावायचा नाही असं ठरलं. यांचा तो फोटो मी पोस्टकार्डाएवढा छापला. तेवढ्या आकारात डोळा वेगळा आणि भुवई वेगळी दिसते. दिरांनी तो बराच वेळ हातात धरला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मी स्वतःसाठी आणखी एक छापला, दोरीवरचा पट्टा आणला आणि कॅमेऱ्याला लावला. डाग गेला नव्हता.