खंडेनवमीला मऊ पडलेलं निकेल

शाहूपुरीतल्या आमच्या निकेलच्या कारखान्यात माणसं मोजकी, पण किस्से किती! दुपारी चहा आला की एक सांगायचा, दुसरा त्याला दुरुस्त करायचा आणि त्या भांडणातून तिसरा किस्सा तयार व्हायचा.

*

ईश्वरा मिस्त्री आमचा मुलाम्याचा उस्ताद. निकेलचा थर कडक झालाय का, हे तो कानस ओढून बघायचा. कानस घसरली की माल पास! एकदा घरी त्यानं भाकरीवरच कानस ओढली आणि म्हणाला, "पास!" बायकोनं दोन दिवस त्याला भाकरी वाढली नाही.

*

निकेलच्या मिश्रणाचा हा थर भट्टीत थोडा वेळ तापला की कडक होतो. जास्त वेळ राहिला की मऊ पडतो. गिऱ्हाइकांना ते पटायचं नाही. एकानं हट्टच धरला, "आनी तासभर ऱ्हाऊ द्या की, पक्कं हुईल!"

मिस्त्री तडकला, "पावणं, भात लई शिजवला तर कडक हुतो व्हय?"

*

मग ती खंडेनवमी. शिरोळच्या पाटलांच्या पंपाचा नवा दांडा निकेल चढवून सकाळी भट्टीत घातला आणि इकडं घाईघाईनं पूजा मांडली. सांडशी, सळई, आकडा, सगळी हत्यारं हळदीकुंकू लावून देवापुढं! मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही आमची रीत. दांडा काढायची वेळ झाली आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे.

मालक बाबूराव म्हणाले, "देवाम्होरनं सांडशी कोण उचलतंय?"

कुणी पुढं झालं नाही. ते स्वतःही नाहीत. दांडा दिवसभर निखाऱ्यात पडून राहिला.

*

दसरा झाल्यावर पाटील आले. त्यांचा जुना दांडा झिजून पंप बंद, ऊस वाळायला लागलेला. नवा दांडा मात्र छान चकाकत होता.

मिस्त्री मालकांच्या कानाशी लागला, "दिऊन टाकू. वरनं कळत न्हाय की."

बाबूरावांनी कानस पाटलांच्याच हातात दिली. "पावणं, ओढा."

कानस थरात रुतली. आम्हाला मान वर करवेना.

"दुसरा कवा मिळंल?"

"निकेल मुंबईस्नं यायचं हाय. पंधरा दिस तरी."

"तवर ऊस ऱ्हाईल व्हय, मालक?" पाटील म्हणाले.

कारखान्याच्या विहिरीवर अगदी तसाच पंप होता; मुलाम्याच्या टाक्यांत पाणी त्यानंच चढायचं. बाबूरावांनी तो खोलायला लावला आणि त्यातला दांडा काढून पाटलांच्या बैलगाडीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर आलो, तर मालक विहिरीच्या काठावर उभे, धोतर खोचून पोहरा ओढत होते.

"बघताय काय?" ते ओरडले. "टाक्या भरायच्या न्हाईत व्हय?"