माझ्या आयडीवरची ती नोंद

या सदरात येणारे अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचत आलोय. ज्याचा सगळा जन्म रुग्णालयात गेला, त्याला भुताखेतांचं काय वाटणार? मयतांच्या नोंदी मी माझ्या हातानं केल्या आहेत. त्यातला एकही माणूस परत येऊन "माझं नाव चुकलंय" म्हणाला नाही. तेव्हा माझ्या या हकिगतीत भूत असेल असं समजू नका. काय आहे ते मलाही अजून ठरवता आलेलं नाही... फक्त ज्या गोष्टीसाठी गावानं मला शाल पांघरवली, ती गोष्ट मी केलेली नाही. हे मरायच्या आत कुठंतरी छापून यावं एवढ्यासाठी लिहितोय.

मुरुमजवळ एका ट्रस्टचं छोटंसं रुग्णालय होतं, तिथं मी रेकॉर्ड सांभाळायचो. नाव सांगत नाही. मागच्या अंगणापलीकडे पत्र्याची खोली, आत तांबड्या कापडात बांधलेले केसपेपरचे बस्ते. कुणीही आलं की बस्ता सोडायच्या आधीच मी सांगायचो – हा अमक्याचा थोरला, याला शुगर आहे, हिचं पहिलं बाळंतपण अडलेलं. सीमेपलीकडून कानडी बोलणारी माणसं यायची, त्यांची सुद्धा घराणी मला पाठ. मोठे डॉक्टर म्हणायचे, "रामलिंग सुट्टीवर गेला की निम्मं हॉस्पिटल सुट्टीवर जातं." या वाक्यावर मी कैक वर्षं जगलो.

मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर सविता आली. जळकोटची शेतकऱ्याची मुलगी, शिकलेली, तिशीतली, कंत्राटावर. वरच्या ट्रस्टींना दोन दिवसांत आकडे काढून द्यायला लागली. परगावच्या कंपनीच्या पोरांनी जुने केसपेपर मशीनमध्ये चढवले होते. पेशंटचं नाव टाकलं की जुनी औषधं, जुने रिपोर्ट, सगळं समोर. डॉक्टर तिच्या खुर्चीमागं उभे राहून बघायचे. आधी ते माझ्या खुर्चीमागं उभे राहायचे.

तिनं माझाही आयडी काढून दिला होता. "काका, पहिल्यांदा उघडलं की तुमचा तुम्ही पासवर्ड टाका. मलापण सांगू नका. आठ दिवसांत शिकवते बघा टायपिंग."

"मॅडम, ह्या वयात बोटं वळत न्हाईत," मी म्हणालो. तिला मी कायम मॅडमच म्हणायचो. मान म्हणून नव्हे. सगळ्यांना कळायचं ते, तिलाही कळायचं.

"बोटं वळत न्हाईत, पण जीभ लई वळती की," ती हसून म्हणाली. सगळे हसले. मी तो आयडी कधीच उघडला नाही. पासवर्ड टाकला नाही. कीबोर्डला बोट लावलं नाही.

एका मीटिंगमध्ये डॉक्टर सहज म्हणून गेले, "आता कुणा एकाच्या डोक्यावर अवलंबून राहायला नको." माझ्याकडे बघितलंही नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पण माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक आहे, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. त्यात नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने. आता आपल्याकडची पद्धत बघा. लग्नात ताटातल्या तांदळावर नवरा नवं नाव लिहितो. बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. आडनाव तर जातंच. म्हणजे पोर सासरी गेली की तिन्ही रकाने बदलले. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येणार, आमच्याच रुग्णालयात येणार आणि मशीन सांगणार, ही बाई नवीन आहे. 'माहेरचं नाव' असा रकानाच नव्हता. कंपनीतल्या पोरांच्या ते ध्यानात येणं शक्यच नव्हतं. सविताचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, तिच्याही ध्यानात आलं नाही. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. कधीतरी कामाला येईल म्हणून ठेवून दिलं, जसं एखादा माणूस कोयता छपरात खोचून ठेवतो.

तो दिवस आला. दुपारची वेळ. फाटकाशी एक मेंढपाळ उभा होता, खांद्यावर घोंगडं. मला बघून पुढं आला.

"साहेब, वळकलं का? सुरेखीचा बाप म्या."

मी लगेच ओळखलं. सुरेखा सात-आठ वर्षांची असताना तिची आई तिला तापात घेऊन आली होती. बाप तेव्हा मेंढरं घेऊन दूर बालाघाटाकडे गेलेला. पोरीला पेनिसिलिनची सुई दिली आणि आमच्या डोळ्यांदेखत तिचं तोंड सुजून डोळे मिटले, श्वास घरघरायला लागला. डॉक्टरांनी मोठ्या मुश्किलीनं ओढून आणली तिला. केसपेपरवर लाल शाईनं मीच लिहिलं होतं. तिची आई पुढे वारली. बापाला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि पोरीला कितपत आठवत असणार!

"बाळंतपणाला आणली व्हय?" मी विचारलं.

"व्हय जी. ढोकीला दिली. अडलीया म्हनत्यात. पोट कापावं लागंल म्हनं."

आत सविता त्या पोरीचं आधार कार्ड बघून नाव टाकत होती. सासरचं नाव श्रद्धा. मी मागं जाऊन उभा राहिलो. मशीननं सांगितलं, नोंद नाही.

"ताई, आधी कधी आलतात का इथं?" सवितानं विचारलं.

पोर कळांनी वाकलेली. "लहानपनी आले असंल... काय ध्यानात न्हाय."

"कुठल्या औषधाचा त्रास?"

"न्हाय."

मग सविता वळली आणि मला थेट विचारलं, "काका, ह्या कधी आलत्या का? तुम्हाला आठवतंय काय?"

त्या क्षणी मी काय बोललो ते अक्षर न् अक्षर आठवतं. "मला काय विचारता मॅडम? तुमच्या मशीनला विचारा."

ती ओशाळली. 'नवीन पेशंट' लिहिलं. पोरीला आत नेलं.

मी अंगण ओलांडून माझ्या खोलीत आलो. त्या सालचा बस्ता सोडला. सुरेखाचा केसपेपर काढला, घडी करून खिशात ठेवला आणि स्टुलावर बसून राहिलो. मनाशी सगळं रचलं होतं. पोट कापायच्या आधी पेनिसिलिनची सुई ठरलेली, आणि ती आधी थोडी टेस्टला देतात. हातावर फोड येईल, पोर ओरडेल, धावपळ होईल. मग मी आत जाईन, सगळ्यांसमोर खिशातून कागद काढीन आणि म्हणेन, मशीनला विचारलंत, मला नाही. टेस्ट कधी कधी दगा देते हेही मला माहीत होतं. तरी बसून राहिलो. पत्रा तापला होता, अंगाला धारा लागल्या होत्या आणि मी कान लावून एका पोरीच्या ओरडण्याची वाट बघत होतो.

ऐकू आलं ते तान्ह्या बाळाचं रडणं.

मला काही समजेना. वॉर्डकडे गेलो तर दारातच सिस्टर भेटल्या. "काका, देवासारखं काम केलंत! सुई भरलीच होती मी. डॉक्टर म्हणाले, एकदा स्क्रीन बघा, तर ही मोठी लाल पट्टी."

"कसली पट्टी?"

"तुम्ही टाकलेली की. आता आमच्याशी पण मस्करी व्हय?"

त्यांनी मला स्क्रीन दाखवली. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात पेनिसिलिन. खाली शेरा – 'लहानपणी इथंच सुई दिल्यावर तोंड सुजलं होतं, श्वास लागला होता. माहेरचं नाव सुरेखा. नाव बदललं तरी लेकरू तेच आहे.' शेवटी नोंद करणाऱ्याचं नाव. माझं.

शुद्ध मराठीत, काना-मात्रा जागच्या जागी. आणि शब्द माझेच. लेकरू म्हणायची सवय माझी. भरल्या दिवसांच्या बाईला लेकरू कोण लिहील? तिला झग्यात पाहिलेला माणूसच.

खिशातला केसपेपर घामानं भिजून छातीला चिकटला होता.

पुढं कंपनीच्या माणसानं सोलापूरहून तपासून सांगितलं, काकांच्याच आयडीवरून, काकांच्याच पासवर्डनं, ओपीडीतल्या कॉम्प्युटरवर. मी कधी न केलेल्या पासवर्डनं! आता तुम्हीच बघा. ती गोष्ट ठाऊक होती मला, पण मला टाइप करता येत नव्हतं. टाइप करता येत होतं सविताला, पण तिला ती गोष्ट ठाऊक नव्हती. दोन्ही जमणारा तिसरा कुणी रुग्णालयात नव्हता.

मी म्हणायला हवं होतं, हे मी केलं नाही. पण डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. माझ्या खुर्चीमागं उभे राहायचे, तसे. मी गप्प बसलो.

कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ मिळालं. 'माहेरचं नाव' हा रकाना सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं आला, तोही माझ्या नावावर. भाषणात एक ट्रस्टी म्हणाले, मशीन चुकलं, माणूस चुकला नाही. मशीन म्हणजे सविता, हे सगळ्यांना कळलं. एकाच बाईची दुबार नोंद केली, नीट चौकशी केली नाही, असा ठपका तिच्यावर आला आणि कंत्राट पुढं वाढलं नाही. रकानाच नव्हता, तिनं मला विचारलं होतं, मीच सांगितलं नाही... एवढी तीन वाक्यं मी बोललो असतो तर तिची नोकरी राहिली असती. ती माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, हिला सगळं कळलंय आणि मनातून थुंकतेय माझ्यावर. त्याचाही मला राग आला. हरून सुद्धा हिची मान ताठ कशी?

यंदा मुरुमच्या बाजारात सुरेखा भेटली. बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी. "ह्या आजोबांनी आपल्या दोघींला वाचवलं बघ," ती लेकीला म्हणाली. ती चिमुरडी माझ्याकडे असं बघत राहिली की मला पिशवी उचलून तिथून निघावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी जळकोटची एसटी धरली.

हायवेला लागूनच सविताचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, फॉर्म भरून देणं. मला बघून ती उठली. "या या काका! किती वाळलात हो?"

मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. फाटकाशी भेटलेला बाप, खिशातला कागद, पत्र्याखाली बसून बघितलेली वाट. "ती नोंद मी केली न्हाय. तुझी नोकरी माझ्यामुळं गेली," असं म्हटलं आणि मान खाली घातली.

तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, "काका, तब्येत बरी हाय ना? मी बघितलं की तुम्हाला."

"काय बघितलं?"

"त्या पोरीला आत नेलं आन् मी चहाला गेलते. तुमच्या बोलण्यानं डोळ्यात पाणी आलं होतं, खरं सांगते. परत आले तर तुम्ही माझ्या खुर्चीत. खाली न बघता, दोन्ही हातांनी टायपिंग चाललेलं. मी म्हटलं, काय काका, गपचूप शिकलात व्हय? तर तुम्ही वर बघून हसलात. 'ये लेकरा, बस,' म्हणालात आन् उठून खुर्ची दिलीत मला."

मी माझ्या बोटांकडे बघितलं.

"इतक्या वर्षांत तुम्ही मॅडमबिगर हाक मारली न्हाय मला. लेकरा म्हणालात त्या दिवशी. म्हणून तर ठपका आला तरी मी गप बसले. म्हटलं, ह्या माणसाला आता कशाला कमी दाखवायचं!"

"सविता, तो मी न्हवतो. मी मागं पत्र्याच्या खोलीत होतो."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "असू द्या काका. कोण का असंना, त्याच्यामुळं दोन जीव राहिले."

यावर मी पुष्कळ विचार केला. डोक्यावर परिणाम झाला म्हणावं, तर ती बोटं कीबोर्डवर चालली कशी? सविताला भास झाला म्हणावं, तर स्क्रीनवरची नोंद सगळ्यांनी वाचली, पोरीला दुसरं इंजेक्शन दिलं गेलं. मला उत्तर सापडलेलं नाही आणि आता या वयात सापडेल असंही वाटत नाही.

सविताचा हेवा त्या दिवशी जळकोटला संपला. आता मला त्याचा वाटतो, जो माझ्या तोंडवळ्यानं तिच्या खुर्चीत बसला, जे मला माहीत होतं ते लिहून मोकळा झाला आणि जाताना तिला लेकरू म्हणाला. निघताना सविता वाकून पाया पडली. मी पाय मागं घ्यायला गेलो, तर म्हणाली, "राहू द्या हो काका." नमस्कार त्याला होता. पाय तेवढे माझे.