रांग नाही, झाड

फोन आला तेव्हा मी गणेश मंडळाच्या बैठकीचे विषय लिहीत होतो. मांडव, वीज, आरतीच्या पाळ्या... खैरनार सरांच्या पत्नी, शैलावहिनींचा आवाज नेहमीसारखाच होता. "भाऊजी, सर गेले. इगतपुरीच्या स्टेशनवरच कोसळले. तुम्ही गाडीचं बघा, मी देवळ्याला कळवते." मी तोच कागद उलटा केला आणि मागे लिहायला लागलो. गाडी, डॉक्टरांचा दाखला, बाहेरगावाहून येणाऱ्यांची सोय. रडायला वेळ मिळाला नाही आणि मला तेच बरं वाटलं. आता सव्वा महिना झाला. करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

वसंत खैरनार मूळचे देवळ्याचे, घरी कांद्याची शेती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते आमच्या सातपूरच्या गल्लीत भाड्यानं राहायला आले, जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायला. नेमणूक तात्पुरती होती. ती मिळवून दिली होती तात्यांनी. तात्या शाळेच्या संस्थेचे संचालक आणि आमच्या मंडळाचे अध्यक्षही. मी चिटणीस. दिवसा ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचं आणि संध्याकाळी मंडळ. सर आरतीला रोज हजर, आवाज खणखणीत आणि सूर कुठलाच नाही. तात्या म्हणायचे, "मास्तर, बाप्पाचे कान मोठे आहेत, ओरडू नका." सर हसून पुढचं कडवं आणखी वरच्या पट्टीत घ्यायचे.

एका वर्षी हलत्या देखाव्यासाठी सरांनी विषय सुचवला, जीवसृष्टीची उत्क्रांती. आम्हाला वाटलं तात्या अडवतील. पण ते खूश झाले. "मासा, कासव, वराह, नरसिंह, मग माणूस. हा तर आपला दशावतारच की!" सर त्या बैठकीत काही बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याला आम्ही होकार समजलो आणि कामाला लागलो.

ओझरच्या बाजूला कुणीतरी जुनी द्राक्षबाग काढली होती. तिथून सरांनी एक जाडजूड, पीळ पडलेलं खोड फांद्यांसकट आणलं. प्रत्येक फांदीच्या टोकाला मातीचा एकेक प्राणी आणि बुंध्यापासून वर चढत जाणारे दिवे. जीपच्या वायपरची मोटर लावून मासा हलता केला होता. तात्या बघायला आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"रांग कुठंय, मास्तर? आधी मासा, मग माकड, शेवटी माणूस?"

"रांग नाही तात्या, झाड आहे. आजचं माकड आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे. दोघांचा पूर्वज एकच होता, तो केव्हाच गेला."

"पंचवटीच्या गावात सांगता, माकड आपला चुलत-मालत भाऊ?"

"पंचवटीत तर त्याला हात जोडतात, तात्या. नातं सांगायला लाज कसली?"

पोरं हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी सरांना आणि मला बाजूला घेतलं. देखाव्याबरोबर वाजायची कॅसेट सर स्वतःच्या आवाजात भरणार होते. तात्या म्हणाले, "शेवटी एक वाक्य घाला. हेच आपल्या ऋषींनी दशावतारात सांगून ठेवलं होतं. सोमवारी संस्थेची बैठक आहे, तुम्हाला कायम करायचा विषय त्यात आहे. मी धमकी देत नाही. पण पालक मला विचारतात, हा मास्तर पोरांना देव नाही असं शिकवतो का? मी काय सांगू त्यांना?"

"देव नाही असं मी कधी म्हटलं?"

"मग घाला ना वाक्य."

मी हिशोबी माणूस. घरी जाताना सरांना म्हणालो, "एका पारड्यात एक वाक्य आहे, दुसऱ्यात आख्खी नोकरी. काय अवघड आहे?" ते फक्त "बघतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घरीच कॅसेट भरली आणि उद्घाटनाच्या जरा आधी धावतपळत माझ्या हातात दिली. ऐकून बघायला वेळ नव्हता. पडदा उघडला. समोर खुर्चीवर तात्या, बायकांच्या बाजूला आरतीचं ताट घेऊन वहिनी. कर्ण्यातून सरांचा आवाज आला, एकेक फांदी उजळत गेली. शेवटी आवाज म्हणाला, "दशावतार आपण श्रद्धेनं ऐकतो. हे मात्र खडकांत सापडलेल्या हाडांवरून, तपासून मांडलेलं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

तात्या उठून उभे राहिले. मी बटणाकडे हात नेला, पण टेप संपली नव्हती. घाईत सर रेकॉर्डिंग बंद करायला विसरले होते. कर्ण्यातून सगळ्या गल्लीला वहिनींचा आवाज ऐकू आला.

"झालं? घातलं का ते वाक्य?"

"नाही."

"अहो, मग सोमवारचं काय?"

त्यानंतर टेपवर नुसती खरखर... माझा हात बटणावरच राहिला.

"शैला, वर्गात एक आणि मांडवात दुसरंच सांगितलं, तर पोरांनी माझं कुठलं खरं धरायचं?"



"बरं. ते दूध बघा, उतू जातंय." आणि खट्.

सर घामाघूम होऊन पुढे आले. "ते घरचं बोलणं पुसून देतो, पाच मिनिटं द्या." तात्या खाली बसले. वहिनींकडे न बघता म्हणाले, "राहू द्या. ऐकलंय आता सगळ्यांनी." त्यामुळे विसर्जनापर्यंत प्रत्येक खेळाच्या शेवटी ते दूध उतू जात राहिलं. लोक वहिनींना थांबवून विचारायचे, "लागलं का हो दूध खाली?"

देखावा चालू राहिला. सर मात्र कायम झाले नाहीत. मी तात्यांशी भांडलो. "माणूस खरा आहे," ते म्हणाले, "पण पालकांना तोंड मला द्यायचंय." सरांनी इगतपुरीला नोकरी धरली आणि शेवटपर्यंत रोज जाऊन-येऊन केली. पावसाळाभर त्यांच्या दाराशी छत्री निथळत असायची. पुढच्या वर्षी मंडळानं दशावतार केला. मोटर तीच. दुसऱ्याच संध्याकाळी मत्स्य अडकला. कुणी न बोलावता सर पक्कड घेऊन आले, मोटर सुरू केली आणि निघाले. तात्यांनी स्वतः त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. "राग आहे ना, मास्तर?"

"आहे," सर म्हणाले आणि प्रसाद तोंडात टाकला.

परवा मंडळाचं कपाट आवरताना ती कॅसेट सापडली. वहिनींकडे टेपरेकॉर्डर असेल की नाही शंका होती, म्हणून घरचा बरोबर घेऊन गेलो. "लावा," त्या म्हणाल्या. त्यांनी हात मांडीवर ठेवून सगळं ऐकलं. मासा, फांद्या, हाडं. मग "ते दूध बघा" आलं आणि वहिनी खुर्चीतून अर्ध्या उठल्या, स्वयंपाकघराकडे वळल्या. गॅसवर काहीच नव्हतं.

त्या पुन्हा बसल्या. "जरा मागे घ्या, भाऊजी," म्हणाल्या. "मी सोमवारचं विचारते आणि ते गप्प राहतात ना... तिथपासून लावा."