बिनघराचं दार

शिंगणापूरच्या शिवेला लागून उसाच्या फडांमध्ये एक वस्ती आहे. शनिदेवाची राखण आहे म्हणून तिथल्याही घरांना दारं नाहीत. चौकटी आहेत, पडदे आहेत, कुत्रं शिरू नये म्हणून उंबऱ्यावर आडवी फळी आहे, पण कडी-कुलूप कुणाच्या घरी सापडायचं नाही. कुणाकडे जायचं तर अंगणातून हाक मारायची, "हाय का घरात?" आतून "या" आलं की पडदा सारायचा.

या वस्तीत गेल्या उन्हाळ्यात रतनबाईच्या अंगणात एक दार उभं राहिलं. नुसतंच दार. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही. चौकट दोन खड्ड्यांत गाडलेली, फळ्यांना जुना हिरवा रंग, एका बाजूला गंजकी कडी. दिवसा ते जरा गमतीचं दिसायचं. ऊन कललं की मात्र त्याची सावली लांबत लांबत थेट रतनबाईच्या उंबऱ्यापर्यंत यायची, आणि कामावरून परतणाऱ्या बाया ती सावली ओलांडायची नाही म्हणून गोठ्याकडून वळसा घालायच्या.

रतनबाई साठीला आलेली बाई. माहेर घोडेगावचं, बाजाराच्या कडेला. कपाळावर ठसठशीत कुंकू, शनिवारचा उपास, संध्याकाळची माळ, यात कधी खंड नाही. शाळा चौथीपर्यंत. पण दर रविवारी तिच्या ओसरीवर आठवीपासून बारावीपर्यंतची पोरं-पोरी जमायची आणि ती त्यांच्याकडून कामं करून घ्यायची. गॅसच्या टाकीचं रेग्युलेटर बदलायचं, बटण लावायचं, सायकलचं पंक्चर काढायचं, तापात पडलेल्या माणसाला पेज करून घालायची. मुलांनाही भाकरी थापायला बसवायची. एकाच्या बापाने त्यावरून कुरकुर केली, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पोरगं पुन्याला शिकाया गेल्यावर त्याच्यामागं त्याची आई धाडनार हाय का तुमी?"

दाराचा धडा मात्र तिच्या यादीत नव्हता. तो आला शेजारच्या ज्ञानेश्वरीमुळे.

ज्ञानेश्वरी त्याआधीच्या वर्षी शिकायला नगरला गेली होती, पोरींच्या एका वसतिगृहात. जन्मात कधी कडी लावलेली नाही. पावसाळ्यात तिथल्या न्हाणीघराचं दार फुगलं, कडी अडकली आणि ती आत राहिली. दार जरासं उचलून दाबलं की कडी सुटते, हे तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. ओरडून ओरडून आवाज बसला, मग ती नुसतं दार वाजवत राहिली. संध्याकाळी कुणीतरी उघडलं. पोरगी घरी आली ती परत गेली नाही. खायची, झाडलोट करायची, पण बोलणं जवळजवळ थांबलं. चौकटीला पाठ लावून बसायची आणि पडदासुद्धा सोडू द्यायची नाही. तिची आई म्हणायची की लेक परत आली खरी, पण सगळी आली असं वाटत नाही.

त्या वर्षी वस्तीतल्या भागवतच्या लेकीला, दीपालीला, नगरलाच नर्सिंगला जागा मिळाली होती. पोरगी हुशार आणि हट्टी. पण शेजारच्या अंगणातलं रोज डोळ्यांनी पाहणारा बाप पाठवायला तयार होईना. शेवटी त्याने रतनबाईच्या ओसरीवर बसून सांगितलं की दीपाली कडी लावून एकटी आत बसून दाखवील आणि आपल्या हाताने काढून बाहेर येईल, तर तो स्वतः तिला नगरला सोडून येईल. नाहीतर इथंच घोडेगावला काहीतरी शिकेल आणि पुढच्या साली लग्न.

म्हणून रतनबाईने घोडेगावच्या मेहताब सुताराला निरोप धाडला. त्याने टेम्पोतून हे जुनं दार आणलं. नगरला कुठेतरी पाडापाडी झाली, तिथल्या भंगारातलं, म्हणाला. रतनबाईने आधी देवाला विचारलं. दुरूनच हात जोडून म्हणाली, "तुझ्या राखनीवर माझा भरवसा हाय. पर पोरी जात्यात तिथं कडी त्यांची त्यांनाच लावायचीय. घराला न्हाई लावत, अंगनात लावते." मग चौकट गाडली.

तिचा नवरा सहादेव गोठ्यातून बघत होता. "घराला दार न्हाई अन् दाराला घर न्हाई. लई जमलं," तो म्हणाला.

पोरांना पहिले दोन रविवार हसू आवरेना. भिंतच नसल्यामुळे आत कुठलं आणि बाहेर कुठलं तेच कळेना. रतनबाईने ठरवून दिलं, कडी लागते ती बाजू आत. दीपालीला कुलूप लावायला सांगितलं तर तिने व्यवस्थित लावलं आणि किल्ली कुलपातच ठेवली. का, तर मागून कुणी आलं तर त्याची अडचण नको. सगळे लोळून हसले. दार वाजवायलाही त्यांना शिकवावं लागलं, ती सारखी हाकच मारायची. वाजलं की आतल्याने काय करायचं, ते रतनबाईने घोकून घेतलं. आधी विचारायचं, कोण. ओळखीचा आवाज आल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही.

तिसऱ्या आठवड्यात दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा ठेवताना तिने ते पहिल्यांदा ऐकलं. ठक ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदाच, ठक.

तिला वाटलं, एखादं पोरगं चेष्टा करतंय. वळून बघितलं तर अंगण रिकामं. दाराच्या दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि दोन्हीकडे कुणी नव्हतं. गाय मान वर करून दाराकडे बघत होती, तोंडातला चारा तसाच. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेच. तिसऱ्या दिवशी सहादेवनेही ऐकलं आणि त्या दिवसापासून त्याने थट्टा सोडली. शेजारी ज्ञानेश्वरी त्या वेळेला चौकटीत ताठ बसायची आणि पुढचा ठोका पडेपर्यंत श्वास सोडायची नाही.

मेहताब एकदा त्या वाटेने चालला होता, त्याला रतनबाईने बोलावून विचारलं. तो म्हणाला, जुनं लाकूड आहे, दिवसभर तापतं, संध्याकाळी गार पडलं की बोलतं, एवढं मनावर घेऊ नका. मग चहाची वाट बघता बघता त्याने सहज विचारलं की वाजतं कुठल्या बाजूने.

"कडीच्या," रतनबाई म्हणाली.

मेहताबने एकदा दाराकडे बघितलं. मग चहा न घेताच उठला.

वस्तीत कुजबूज सुरू झाली. देवाच्या शिवारात दार उभं केलं, आता दार वाजवणारं काहीतरी येणारच, असं म्हाताऱ्या बोलू लागल्या. भागवतने येऊन सांगितलं की शनिवारी अमावस्या आहे, त्याच्या आत हे उपटा. रतनबाईने रविवारपर्यंत मुदत मागितली. दीपालीची परीक्षा होऊ दे, मग ती स्वतःच्या हाताने चौकट काढील. भागवतला ते पटलं नाही, पण वडीलधाऱ्या बाईपुढे तो फार बोलला नाही. रतनबाईला त्या दिवसांत माळ ओढताना मणी पुढे सरकायचा नाही. आपण पोरीचं भलं करायला गेलो आणि दारात काय आणून ठेवलं, हाच विचार. पण दार उपटलं तर दीपालीचं शिक्षण त्याच खड्ड्यात जाणार, हेही तिला दिसत होतं.

रविवारी सकाळी तिने दाराच्या कडीकडच्या बाजूला बांबू रोवून तिन्ही बाजूंनी आणि वरून ताडपत्री बांधली, म्हणजे बसण्याजोगी खोली झाली. आतली जमीन शेणाने दाट सारवली. बाहेर येऊन दार नुसतं लोटून ठेवलं. दुपारी पोरं जमली, भागवत बाजेवर बसला, दीपाली ओढणी कमरेला खोचून पुढे झाली. ऊन रणरणतं आणि पानही हलत नव्हतं.

तिने दार ढकललं. ते उघडेना. पुन्हा ढकललं. आतून कडी होती.

रतनबाईने पोरं मोजली. सगळी समोर होती. सहादेव गोठ्याशी होता. ताडपत्रीच्या दोऱ्या तिने सकाळी मारल्या तशाच, गाठीवर गाठ. आणि मग भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, आतून वाजलं. ठक ठक.

आठवीतली एक पोर रडायला लागली. दीपालीचा चेहरा पांढरा पडला होता, पण शिकवलेलं अंगात भिनलेलं, तिने विचारलं, "कोन हाय?"

आत काही नाही. बराच वेळ गेला. मग एकदा, ठक.

"कोन हाय ते सांगा," दीपाली पुन्हा म्हणाली. भागवत उठून तिचा हात धरायला निघाला.

तेवढ्यात ज्ञानेश्वरी आली. कुंपणातून कधी शिरली कुणी पाहिलं नाही. तिने ओसरीवरच्या एका पोराच्या दप्तरातून पोलादी पट्टी उपसली आणि दीपालीला बाजूला केलं. वर्षभर मिटलेल्या गळ्यातून आवाज खरखरत आला.

"बाहेरून वाजलं तर इचारायचं. आतून वाजलं तर इचारायचं नसतंय, काढायचं असतंय. मला पन समद्या इचारत हुत्या, कोन, कोन. माझा आवाज बसल्याला. चेष्टा समजून निघून जात हुत्या."

तिने दार आपल्याकडे ओढून धरलं, फटीत पट्टी सारली, खालून कडी शोधली आणि वर उचलली. कडी पडल्याचा आवाज झाला. मग दार जरासं उचलून तिने आत ढकललं.

आत कुणी नव्हतं. सारवण सकाळी केलं तसंच ओलं, गुळगुळीत, त्यावर बोटाचाही ठसा नाही. पण दारातून गार हवेचा झोत बाहेर आला, आणि त्या रखरखीत उन्हात सगळ्यांना बंद न्हाणीघरासारखा वास आला, ओल्या भिंतीचा आणि स्वस्तातल्या साबणाचा. झोत ज्ञानेश्वरीच्या अंगावरून गेला. तिची पदरासारखी घेतलेली ओढणी उडून पाठीवर पडली. वास विरला.

"सुटली. गेली ती," ज्ञानेश्वरी म्हणाली.

भागवतला आता हे सगळं बंद करायचं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण त्याने तोंड उघडायच्या आत दीपाली उंबरा ओलांडून आत गेली आणि तिने कडी लावली. बाहेर सगळे उभे. रतनबाईने हात जोडले ते कुणाला, तिचं तिलाच ठाऊक. ताडपत्रीआड पोरगी काही बोलली नाही, रडली नाही, दार वाजवलं नाही. बऱ्याच वेळाने आतून कडी निघाली. दीपाली घामाने निथळत बाहेर आली आणि बापाकडे बघून म्हणाली, "उघडतंय की."

भागवतने शब्द पाळला. पुढच्या आठवड्यात एसटीने तो तिला नगरला सोडून आला. ट्रंकेत रतनबाईने दिलेली पोलादी पट्टी होती. तिने आपली चूक कबूल करून धड्यात भर घातली होती. आपली कडी लावायची तेवढं तिने शिकवलं होतं. दुसऱ्याची काढायची, ते ज्ञानेश्वरीने शिकवलं.

दार पुन्हा वाजलं नाही. ज्ञानेश्वरी त्या दिवसापासून जेवताना दुसरी भाकरी मागू लागली, आणि रविवारी ओसरीवर येऊन लहान पोरींना कडीचा धडा तीच देऊ लागली. त्यामुळे चौकट काढायचं राहून गेलं.

श्रावणात एका संध्याकाळी दीपालीचा फोन आला. रतनबाई तुळशीपाशी होती, ज्ञानेश्वरी शेजारी वाती वळत होती. दीपाली सांगत होती की दुपारी वसतिगृहात सगळ्या कॉलेजला गेलेल्या, ती तेवढी खोलीत. वरच्या मजल्यावर न्हाणीघराचं दार आतून वाजलं. तिने काही विचारलं नाही, पट्टी घेऊन पळाली, कडी उचलून दार उघडलं. आत पाथर्डीकडची एक पोरगी पडलेली, डोक्याला खोक, रक्त. वेळेवर दवाखान्यात नेली म्हणून वाचली.

"लई गुनाची पोर," रतनबाई म्हणाली.

"मावशी, ऐका तर." दीपालीचा आवाज खाली आला. "ती शुद्धीवर आल्यावर मी म्हनलं, बरं झालं वाजवलंस. तर ती म्हन्ती, म्या न्हाई वाजवलं. आत गेल्या गेल्याच चक्कर आली, तवाच पडले."

रतनबाई अंगणातल्या दाराकडे वळली. "कसं वाजलं हुतं गं?" तिने हळू विचारलं.

"दोनदा," दीपाली म्हणाली. "मग थांबून एकदा."

अंगणात दार उभं होतं, दोन्हीकडून रिकामं. गाय शांतपणे रवंथ करत होती. ज्ञानेश्वरीने वळलेली वात दिव्यात ठेवली, तेल ओतलं आणि वर न बघता म्हणाली, "पोचली व्हय ती तिथं."