चांदीवर जीरावन

धुतलेली काच भिया उजेडाकडे धरायचा आणि तिच्यावर तोंडाची वाफ सोडायचा. वाफ सगळीकडे सारखी धरली तर काच स्वच्छ. एखादा ठिपका दिसला तर म्हणायचा, "हिने अजून तोंड नीट धुतलेलं नाही." आणि पुन्हा धुवायला घ्यायचा. माझ्या काचेवर ठिपके यायचेच. साबण तोच, पाणी तेच, आणि पुस्तकं तर मी त्याच्यापेक्षा जास्त वाचलेली.

इंदोरजवळच्या राऊ गावातल्या प्रयोगशाळेत आम्ही एकाच दिवशी रुजू झालो. निर्वात पेटीत चांदी तापवून तिचा लेप काचेवर चढवायचा, केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ, हे आमचं काम. ती काच लोलकाला चिकटवून लेझर सोडला आणि कोन हळूहळू बदलत नेला, की एका नेमक्या कोनाला परत येणारा उजेड जवळजवळ नाहीसा होतो. चांदीच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन तो पिऊन टाकतात. आलेखात तिथे दरी दिसते. भियाची दरी विहिरीसारखी सरळ खाली उतरायची. माझी म्हणजे जुन्या तव्याचा खळगा.

शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्याला भियाच म्हणत, म्हणजे इंदोरी बोलीत भाऊ. मला तो पंडित म्हणायचा. रोज सकाळी तो सगळ्यांसाठी पोहे आणायचा आणि त्यांवर भुरभुरायला कपाटातून वहिनींच्या हातच्या जीरावन मसाल्याची बरणी काढायचा. मी लेझर लावून बसलेलो असलो तर ओरडायचा, "छोड ना यार पंडित! इलेक्ट्रॉन कुठे पळून जातायत? पोहे गार होतील."

एका हिवाळ्यात त्याच्या दऱ्या सरकू लागल्या. पहिल्या दिवशी कोन अचूक, चौथ्या दिवशी चुकलेला. त्याने पंपाचं तेल बदललं, नवी चांदी मागवली, काचा तीन-तीनदा धुतल्या. मार्चमध्ये समिती येणार होती. प्रकल्प त्याच्याकडे राहणार की माझ्याकडे येणार, हे तेव्हाच ठरायचं होतं.

मला कारण दुसऱ्याच आठवड्यात कळलं. सुदामा नगरच्या आमच्या घरी आईने काळ्या मिठाच्या डब्याशेजारी चांदीची वाटी ठेवली होती. ती काळी पडली. जीरावनात काळं मीठ असतं, त्यातला गंधक चांदीला धरतो. आणि भिया झाकण कधी घट्ट लावायचा नाही, बरणी लेप दिलेल्या काचांच्याच कपाटात. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "पंडित, तू तर इतकं वाचतोस, काय झालं असेल रे?"

"दमटपणा असेल," मी म्हणालो.

दोन महिने मी त्याची धावपळ पाहिली. झोप उडाल्याचं सांगितलं तर खोटं होईल. मला चांगली झोप लागायची.

समिती यायला दहा दिवस राहिले असताना त्याने कपाटात डोकं घालून वास घेतला आणि हसत सुटला. "अरे, आपल्या इंदोरने चांदी खाल्ली रे!" समितीसमोर त्याने बरणीच ठेवली. हवेतला इतकासा गंधक जर चांदीची दरी सरकवत असेल, तर ही काच गंधक हुंगणारं नाक आहे, म्हणाला. सगळे हसले, मग प्रश्न विचारू लागले. प्रकल्प त्याच्याकडेच राहिला आणि पुढे त्याचं नाव झालं ते याच कामाने. त्याने विचारलं त्याच दिवशी मी बोललो असतो तर त्याने फक्त बरणी दुसरीकडे हलवली असती.

गेल्या वर्षी तो आजारी असताना विजय नगरच्या त्याच्या फ्लॅटवर गेलो. बोलता बोलता म्हणाला, "त्या थंडीत हवा इतकी कोरडी होती, माझे ओठ फुटले होते. आणि तू म्हणालास दमटपणा."

मी कप खाली ठेवला. "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोलके क्या करता? तू येशील सांगायला, म्हणून थांबलो. मग थांबायची सवयच झाली यार."

तेवढ्यात वहिनी औषध घेऊन आल्या. मी राऊच्या नव्या रस्त्याबद्दल बोलू लागलो. महिन्याभराने तो गेला.

शोकसभेत मी त्याच्या चांदीबद्दल दहा मिनिटं बोललो, बरणीबद्दल एक शब्दही नाही. त्याच्या काचांचा, त्याच्या हाताचा, त्याच्या हसण्याचा मला आयुष्यभर हेवा वाटला. आता त्या थांबण्याचाही वाटतो. मला ते एक दिवसही जमलं नसतं.

भिया, दमटपणा नव्हता. मला माहीत होतं.