घाईत गाणारी तबकडी

तबकडीवर सुई टेकली की गाणं लगेच सुरू होत नाही. आधी काही क्षण नुसती खरखर येते. मंद आचेवर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी बारीक, अनियमित आणि कानाला विलक्षण ओढ लावणारी. आजच्या निर्मळ, निर्जंतुक आवाजांच्या जगात त्या खरखरीला दोष म्हणतात. म्हणोत बापडे! आमच्या नागपूरच्या घरी त्या पाच-सात क्षणांत एक विधी ठरलेला असे. बाबा हात मागे बांधून उभे राहत, आणि आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून येई आणि हलकेच घसा खाकरे. जणू कार्यक्रम तिचाच आहे आणि तबकडीवरची बाई केवळ साथीला बसली आहे!

आईला गाणं शिकवायला कधी कुणी गुरू आला नाही. ती त्या एकाच तबकडीकडून शिकली. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, कुठल्या वळणावर किंचित रेंगाळायचं, हे सारं तिने त्या फिरत्या काळ्या वर्तुळाकडून आपलंसं केलं. बाबा गणिताचे शिक्षक. घरात भावगीतांची ती एकच लाडकी तबकडी आणि आकाशी रंगाच्या पेटीतला एक रेकॉर्ड प्लेयर, एवढंच त्यांचं ऐश्वर्य. सुई उडू नये म्हणून तिच्या डोक्यावर त्यांनी चार आण्यांचं नाणं चिकटपट्टीने बसवलं होतं. संध्याकाळच्या चहानंतर आई त्या बाईंच्या बरोबरीने गाई, आणि गाणं संपलं की बाबा फक्त ‘हं’ म्हणत. एवढ्याशा हुंकारावर माणसाचा संसार सुखाचा होऊ शकतो, हे मी तेव्हा पाहिलं. कळलं मात्र फार उशिरा.

बाबा गेले आणि तिसऱ्या वर्षी आई आमच्याकडे कॅनडात, व्हिटबीला राहायला आली. तिला आणायला मीच गेलो होतो. येताना दोन बॅगांपैकी एका बॅगेत तिच्या साड्यांच्या घड्यांमध्ये मी तो प्लेयर आणि ती तबकडी आणली, आणि इथे आल्यावर कॅनडाची वीज भारतातल्याइतक्या दाबाची करून देणारा एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर मागवला. मी विजेचाच इंजिनिअर. गेली वीस वर्षं मार्कहॅमला जाऊन कोड लिहितो ती गोष्ट वेगळी. कॉलेजातली जुनी विद्या आईच्या कामी येणार, याचा मला कोण अभिमान वाटत होता! फेब्रुवारीतली दुपार होती. घरामागच्या लाकडी डेकवर गुडघाभर बर्फ, आणि घरात मी, आई आणि माझी सोळा वर्षांची मुलगी रेवा, असे तिघंच त्या आकाशी पेटीभोवती जमलो. मी सुई टेकवली, खरखर आली, आईने घसा खाकरला.

आणि बाई गाऊ लागल्या त्या अशा, की जणू पाठीमागे कुणी लागलंय! आवाज उंच, पातळ, चिमटा काढल्यासारखा. “बाबा, शी साउंड्स लाइक अ चिपमंक,” असं म्हणून, कार्टूनमधल्या चिरक्या खारीची आठवण काढत, रेवा हसत सुटली. आई हसली नाही. तिने सूर लावून पाहिला, तो चढेना. पुन्हा लावला, दुसऱ्या ओळीशी आवाज फाटला. “काहून रे, इतकी घाईत काहून गाऊन राहिली ही बाई?” तिने विचारलं. मी शहाण्यासारखा समजावू लागलो, की आई, तबकडी तीच, यंत्र तेच, विजेचा दाबही बरोबर मोजून घेतलाय. मग गाणं कसं बदलेल? तू इतक्या वर्षांनी ऐकते आहेस, म्हणून तुला तसं वाटतं. त्या आठवड्यात हेच वाक्य मी तिला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “असंन बाप्पा,” आणि आपल्या खोलीत निघून गेली.

घरातली माणसं एकमेकांना किती सहज खोटं पाडतात! त्यात आपण परदेशात स्थिरावलेले, चार यंत्रं हाताळणारे. आईच्या म्हणण्यापेक्षा माहितीपत्रकावर आपला विश्वास अधिक. पण माझ्या त्या एका वाक्याने आईच्या मनात काय उघडलं, याची मला कल्पना नव्हती. तिची मोठी बहीण, आमची मोठी मावशी, शेवटची चार वर्षं स्वतःच्या मुलालाही ओळखत नव्हती. तिचं सगळं आधी गाण्यांपासूनच सुरू झालं होतं. आरतीची कडवी मागे-पुढे होऊ लागली, तेव्हा घरचे हसले होते. हे आई विसरली नव्हती. ती भाजीत मीठ घालून पुन्हा मला विचारू लागली, की घातलं का रे मी? स्टोव्ह बंद केल्यावर रेवाला बघून यायला पाठवू लागली. आणि एके दिवशी ग्रोसरीच्या जाहिरातींचे कागद रद्दीच्या निळ्या डब्यात टाकायला उचलले, तर त्यांच्या कोऱ्या कडांवर पेन्सिलीने नावंच नावं लिहिलेली दिसली. नागपूरच्या आमच्या गल्लीतली घरं, ओळीने, त्यांतली माणसं, त्यांची मुलं. खाली पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे. रोज दुपारी सगळे झोपले किंवा बाहेर गेले, की माझी आई स्वतःची परीक्षा घेत होती. मी विचारलं तेव्हा तिने कागद ओढून घेतला. “डोकं चाललं माझं, आक्कासारखं,” एवढंच म्हणाली. मला गलबलून आलं, आणि तरीही कारण मीच आहे हे ध्यानात आलं नाही.

ते ध्यानात आणून दिलं शेजारच्या ग्लेनने. ग्लेन हा हॅमिल्टनचा; मोटारींच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्याच्या बेसमेंटमध्ये गेलं की टर्नटेबलांचं, म्हणजे तबकड्या फिरवणाऱ्या यंत्रांचं, माहेरच भेटतं. कुणी रस्त्याच्या कडेला ठेवून दिलेली, कुणी जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकलेली यंत्रं तो आणतो, उघडतो, आणि एकाचा सुईचा हात दुसऱ्याला, तिसऱ्याचं फिरतं ताट चौथ्याला असं करत नवं वाजतं यंत्र उभं करतो. महागड्या दुकानांतल्या काचेआडच्या टर्नटेबलांचं त्याला काडीचं कौतुक नाही. ती माणसाला नुसती बघायला लावतात, ही कामाला लावतात, असं त्याचं म्हणणं. एका सकाळी दोघं आपापल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत असताना मी सहज त्याला चिपमंकची गंमत सांगितली. तो फावडं रोवून उभा राहिला. “युअर मॉम्स राइट, बड,” म्हणाला, आणि त्याने विचारलं, तुमच्या देशात वीज किती सायकलची?

मी जागच्या जागी थिजलो, आणि ते थंडीने नव्हे! भारतातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, इथली साठ; आणि असल्या प्लेयरमधली जुनी मोटार विजेच्या हेलकाव्यांवर पावलं टाकते. दाब मी बरोबर केला होता, चाल मात्र इथलीच राहिली होती. नागपुरात जितक्या वेळात पाच पावलं, तितक्यात इथे सहा. बाई खरोखरच घाईत गात होत्या! पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असावी अशी ही गोष्ट. आणि अभियंत्याच्या घरात ती ओळखली कुणी, तर दहावीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने, नुसत्या कानाने. ग्लेन सांगत होता, की त्याच्या लहानपणी हॅमिल्टनला वीज पंचवीस सायकलची होती. ती साठची झाली तेव्हा घरोघरी माणसं येऊन मोटारी बदलून गेली, आणि त्याची आई बरेच दिवस म्हणत होती, की घड्याळाचा आवाज आता पूर्वीसारखा येत नाही. सगळ्या आयांचे कान एकाच मातीचे असतात काय?

मी घरी जाऊन आईची माफी मागितली. ती म्हणाली, “तू माझी समजूत काढून राहिला.” शब्दांनी गेलेला विश्वास शब्दांनी परत येत नाही, तिला ऐकवूनच दाखवायला हवं होतं. मग पुढचे तीन शनिवार-रविवार ग्लेनच्या बेसमेंटमध्ये नवं टर्नटेबल जोडण्यात गेले. आमच्या स्वयंपाकघरातला मेपलचा जाड चॉपिंग बोर्ड मी बैठकीला घेतला. त्याच्यावर कोथिंबिरीचे हिरवे डाग होते, ते तसेच राहू दिले. ताट एका मोडक्या यंत्राचं, सुईचा हात दुसऱ्याचा. मोटार बॅटरीवर चालणाऱ्या जातीची, म्हणजे तिला कुठल्या देशाच्या विजेशी कर्तव्य नाही, आणि वेग कमी-जास्त करायला तिच्या पोटाशी एक इवलासा स्क्रू. सुई तेवढी नवी. किती वर्षांनी मी काही हातांनी केलं! लाकूड घासताना येणारा तो गोडसर वास, मोटारीवरून ताटाला वेढणारा रबरी पट्टा, बोटांवर आलेले ओरखडे. आयुष्यभर पडद्यावर अक्षरं उमटवणाऱ्या माणसाला या स्थूल, ओबडधोबड सुखाची केवढी भूक असते! स्वतः जोडलेल्या वस्तूत एक मौज असते: ती चुकली तर कुणाला फोन करावा लागत नाही, आपल्यालाच रागवावं लागतं.

वेग नेमका लावायला ग्लेनने एक ठिपक्यांची कागदी चकती दिली आणि एक जुना पिवळा बल्ब. त्या बल्बच्या सूक्ष्म लुकलुकीत ताट मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेऊ लागलं, की फिरते ठिपके डोळ्यांना जागीच थांबलेले दिसतात. मी ते थांबवले. निर्दोष, निश्चल! मग आईला खुर्चीवर बसवलं आणि सुई टेकवली. तिने घसा खाकरला नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती बसून राहिली. बाईंचा आवाज आला, भरदार, ओळखीचा. आईचा चेहरा उजळला आणि किंचित आक्रसला. “जवळ आली रे,” ती भीत भीत म्हणाली, “पण अजून थोडी घाई हाये.” माझी जीभ वळवळली. ठिपके समोर थांबलेले होते, जगातला कुठलाही तज्ज्ञ माझ्या बाजूने उभा राहिला असता. पण एकदा हात पोळलेला माणूस होतो मी. मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि म्हणालो, “तू सांग, आई.”

तिने डोळे मिटले आणि उजवा हात वर धरला. मी स्क्रू केसभर फिरवला, हात तसाच. आणखी केसभर, बोटं हलली. ठिपके आता हळूहळू मागे सरकू लागले होते, साऱ्या शास्त्राच्या दृष्टीने मी चूक करत होतो, आणि तेवढ्यात तो हात समेवर यावा तसा मांडीवर उतरला. “इथं,” ती म्हणाली. आणि गाऊ लागली! सत्त्याहत्तर वर्षांचा आवाज, थरथरता, पण सुरात. श्वास तिथेच, रेंगाळणं तिथेच. रेवाने कानांतले इअरबड्स काढून ठेवले. मी मात्र बाबांचं ‘हं’ आपल्याकडून बाहेर पडतं का पाहिलं. ते काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती आकाशी पेटी उघडली. आतल्या मोटारीवर एक पितळी दांडा असतो, वेगवेगळ्या वेगांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा. रबरी चाक ज्या पायरीला घासेल तसा ताटाचा वेग. पंचेचाळीसची पायरी आम्ही कधी वापरलीच नव्हती, ती कोरी करकरीत होती. तेहेतीसची मात्र झिजून मधोमध आत गेली होती. कोऱ्या पायरीवरून झिजलेली मुळात किती जाड असेल, हे त्रैराशिकाने काढता येत होतं. बाबांनी मारून-मुटकून शिकवलेलं तेच त्रैराशिक. उत्तर आलं आणि मी ते ग्लेनच्या चकतीवर मागे सरकणाऱ्या ठिपक्यांशी ताडून पाहिलं. आईने लावलेला वेग आणि त्या झिजलेल्या पितळाचा वेग एकच होता. एकच! वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी एकच तबकडी वाजवून बाबांनी तो दांडा झिजवला होता. गाणं दरवर्षी कणभर संथ, कणभर खोल होत गेलं होतं, आणि आई त्याच्याबरोबर उतरत गेली होती. जे यंत्रात झिजलं, ते तिच्यात जसंच्या तसं जपलं गेलं.

मी कागदावरचं गणित तिला दाखवलं. तिने चष्मा लावून ते शिक्षकाच्या बायकोला शोभेल अशा बारकाईने तपासलं. मग म्हणाली, “मंग? मी का म्हणत होती?” संध्याकाळी जाहिरातींचे सगळे पेन्सिली कागद मला निळ्या डब्यात सापडले, आणि त्या रात्रीच्या वरणात मीठ किती घातलं हे तिने कुणालाही विचारलं नाही.

आता त्या स्क्रूवर रेवाच्या लाल नेलपॉलिशचा एक थेंब वाळवून मी तो कायमचा बंद केला आहे. टर्नटेबल लोकांना दाखवलं की जाणकार पाहुणे चॉपिंग बोर्डाचं कौतुक करतात आणि मग जरा संकोचून सांगतात, की तुमचं मशीन किंचित स्लो आहे. मी मान डोलावतो. चहाचे कप विसळून होतात, काचेपलीकडे डेकवरचा बर्फ निळसर होऊ लागतो, आणि मी सुई टेकवून हात मागे बांधतो. बारीक खरखर येते. आई घसा खाकरते.