मीटर फिरतंय ना

जपानमधल्या अमागासाकीच्या कारखान्यांमागच्या गल्लीत ओकुनो तोमिएबाईंची दुमजली लाकडी इमारत होती. खाली चार, वर चार अशा आठ खोल्या. नवरा गेल्यावर तेवीस वर्षं बाईंनी ती एकटीने चालवली. गळका नळ त्याच दिवशी दुरुस्त, रिकामी खोली दाखवण्याआधी चटया नव्या, आणि भाडेकरू निवडताना पगाराच्या आधी बुटांवर नजर. टाचा झिजलेल्या चालतील, पण वाळलेला चिखल नको. नवे घरमालक सल्ला विचारायला येत आणि बाई हातचं न राखता सांगत.

एक सल्ला मात्र गल्लीतलं शेंबडं पोरही देई. एकट्या म्हाताऱ्याला खोली देऊ नका. तो आत मेला तर पुढच्या भाडेकरूला तसं सांगावं लागतं, आणि मग तिकडे कुणी फिरकत नाही. हे खरंच होतं, म्हणून तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मोरिवाकी, निवृत्त वेल्डर, राहती चाळ पाडल्यापासून दारोदार हिंडत होता.

"काकू, डोकं ठिकाणावर आहे ना?" दलाल हिसादा म्हणाला. "अकरा जणांनी वाटेला लावलंय त्याला."

"मग बारावी मी. त्याचे बूट बघितलेस? इतके स्वच्छ तुझेसुद्धा नसतात."

मोरिवाकीने करारावर सहीचा शिक्का उमटवला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "मालकीणबाई, मरणाचं मला काही नाही. फक्त मेलो तर त्याच दिवशी कुणाला तरी कळू दे."

"शब्द दिला, मोरिवाकीसान," बाई म्हणाल्या.

शब्द पाळायची त्यांची रीत होती. रोज कुणाचं दार ठोठावणं त्यांना आगाऊपणा वाटे. प्रत्येक दाराबाहेर विजेचं मीटर होतं. सकाळी झाडू मारता मारता बाई आतली चकती बघत. सावकाश फिरली तर नुसता फ्रिज, जोरात फिरली तर आत कुणीतरी उठलंय. थंडीत मोरिवाकी सकाळी सातलाच आतून विजेने तापणाऱ्या, पांघरूण लावलेल्या बैठ्या मेजात पाय घालून बसे, की चकती पळायला लागे. चार हिवाळे हे बिनबोभाट चाललं.

पाचव्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, वरच्या मजल्यावरची नर्स म्हणाली, "मावशी, आजोबा दिसले नाहीत बरेच दिवस."

"चकती पळतेय त्यांची. थंडी आहे, बसले असतील ऊबेत," बाई म्हणाल्या, थोड्या ऐटीतच.

चौदा तारखेला सार्वजनिक स्नानगृहाचा मालक विचारायला आला, मोरिवाकीसान आंघोळीला येत नाहीत, आजारी आहेत का म्हणून. बाईंनी आपल्या किल्लीने दार उघडलं. मोरिवाकी मेजात कमरेपर्यंत होता, डोकं उशीवर. मेज चालूच होतं. इतके दिवस ते मेलेल्या माणसाला ऊब देत होतं आणि बाहेर बाई निर्धास्त झाडत होत्या.

पोलीस येऊन गेले. हिसादा कानाशी लागला, "काकू, महिनाभर माझ्या भाच्याला खोलीत ठेवू. मग त्याच्यानंतरच्याला सांगायची गरज उरत नाही. सगळे असंच करतात."

"चालता हो," बाई म्हणाल्या. राग त्याचा नव्हता, स्वतःचाच होता.

तिसऱ्या दिवशी तोत्तोरीहून मोरिवाकीची धाकटी बहीण आली. पाठीत पार वाकलेली चियोको. तोमिएबाईंनी जमिनीला कपाळ टेकून माफी मागितली. ती बिचारी उलट त्यांनाच उठवायला लागली.

"मृत्यूच्या दाखल्यावर पाच ते दहा फेब्रुवारीच्या दरम्यान असं लिहिलंय," ती म्हणाली. "पण देव्हाऱ्यात गेलेल्याच्या नावाची पाटी ठेवतात, तिच्यावर एकच तारीख लिहितात हो. दरवर्षी कुठल्या दिवशी उदबत्ती लावू मी? दादानं कळवलं होतं, मालकीणबाई रोज माझ्यावर लक्ष ठेवतात. तुम्हालाच ठाऊक असेल."

तोमिएबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. म्हातारी मात्र कागद-पेन घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"सात," बाई म्हणाल्या.

चियोकोने आकडा लिहून घेतला आणि दोनदा वाकून त्यांचे आभार मानले.